लष्करी तळ कशावर उभा असतो?



आमच्या पेठ वडगावाहून पश्चिमेकडे पाहिले म्हणजे प्रथम जोतिबाचा डोंगर डोळ्यांत भरतो. त्याच्या पलीकडे पन्हाळा आहे. गावातील मुले लहानपणापासून या डोंगरांकडे पाहत वाढतात, आणि सहावी-सातवीत गेली म्हणजे शिक्षकांना प्रश्न विचारू लागतात. शाळेतून निवृत्त झालो तरी हे प्रश्न माझ्या घरापर्यंत येतातच. मागे एकदा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा मजकडे आला होता. त्याने दोन प्रश्न एका दमात विचारले. पहिला असा की, पन्हाळा एवढा बळकट होता तर तो इतक्या वेळा शत्रूच्या हाती कसा गेला? आणि दुसरा असा की, आता शेकडो मैलांवरून क्षेपणास्त्र सोडता येते, तर लष्कराला जागोजाग तळ ठेवण्याचे कारण काय उरले?

वरवर पाहता हे दोन प्रश्न निराळे आहेत. तथापि विचार करू लागलो तेव्हा दोहोंचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते असे मला दिसून आले. तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम ‘तळ’ या शब्दाकडेच पाहू. फौज तळ देते, तळ ठोकते, तळ हलविते. परंतु भांड्याचा तळ, विहिरीचा तळ, तळहात आणि तळपाय हेही त्याच शब्दाचे सोयरे आहेत. वरचा भार ज्यावर टेकतो तो तळ. लष्करी तळाचा अर्थ यात नेमका आला आहे. तळ म्हणजे केवळ तटबंदी नव्हे, किंवा तोफा मांडून ठेवण्याची जागा नव्हे. थकलेल्या सैन्याने जेथे परत यावे, जखमींनी जेथे बरे व्हावे, अन्न, दारूगोळा आणि इंधन जेथे साठवावे, मोडलेले शस्त्र जेथे दुरुस्त व्हावे आणि ताजेतवाने होऊन पुन्हा जेथून बाहेर पडावे, ती जागा म्हणजे तळ. लढाई बहुधा तळापासून दूर होते. परंतु लढाई किती दिवस चालवता येईल हे तळावर ठरते.

आता पन्हाळ्याकडे वळू. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने येथे आपले ठाणे केले. ही जागा त्याने का निवडली हे नकाशावर बोट ठेवले म्हणजे ध्यानात येते. पूर्वेस विजापूर-मिरजेकडील मोकळे मैदान, पश्चिमेस सह्याद्री, आणि त्याच्या पलीकडे राजापूर, खारेपाटण यांसारखी कोकणची बंदरे. घाटमाथ्यावरचा माल कोकणात उतरावयाचा किंवा बंदरातील माल वर यावयाचा, तर तो या मुलुखातील घाटवाटांनीच. ज्याच्या हाती पन्हाळा, त्याची या वाटांवर नजर. म्हणूनच शिलाहारांनंतर यादव, बहमनी, आदिलशाही, मराठे आणि मोगल यांपैकी जो कोणी या प्रदेशात आला, त्याला पन्हाळा हवासा वाटला. अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला, आणि त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. विजापूरचे सैन्य अद्याप गोंधळलेले असता त्यांनी प्रथम हात घातला तो या किल्ल्याला, यात त्यांची दृष्टी दिसते.

जागा उत्तम असली तरी ती एकटी पुरत नाही. गडावर गेलेल्या प्रवाशाला तीन दरवाजा आणि सज्जा कोठी आवडीने दाखवितात. मी मात्र विद्यार्थ्यांना घेऊन गेलो म्हणजे आधी अंबरखान्यात नेत असे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेल्या या धान्याच्या प्रचंड दगडी कोठ्या आहेत. त्यांत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. भिंतींची जाडी पाहिली म्हणजे वाटते, हा खजिनाच होता; आणि वेढ्यात सापडलेल्या गडाला धान्याहून मोठा खजिना कोणता? त्यानंतर अंधार बाव. ही तीन मजली विहीर वरून इमारतीसारखी दिसते. तळमजल्यास पाणी आहे, आणि मधल्या भागातून तटाबाहेर पडण्याची चोरवाट आहे. शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून पाण्यावर छप्पर घातले, पहारा बसविला आणि प्रसंगी निसटण्याची सोयही तेथेच ठेवली. पाणी, पहारा आणि वाट या तिन्ही गोष्टी बांधणाऱ्याने एका इमारतीत बसविल्या आहेत.

या अनुभवाचे शास्त्र आपल्या भाषेत कोणी लिहून ठेवले असेल तर ते रामचंद्रपंत अमात्य यांनी. कोल्हापूरच्या गादीसाठी सुमारे १७१५ साली सिद्ध झालेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांवर एक प्रकरण आहे. रामचंद्रपंतांनी शिवाजी महाराजांपासून चार कारकीर्दी पाहिल्या होत्या, आणि राजाराम महाराज दूर जिंजीस असता महाराष्ट्रातील कारभार सांभाळला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. एखादा झरा आहे एवढ्यावर विसंबून राहू नये, कारण तोफांच्या धडाक्याने झरे नाहीसे होतात. गडावर आंबा, फणस, चिंच अशी उपयोगी झाडे लावावीत व जपावीत. केरकचरा गडाखाली टाकू नये. जागोजाग जाळावा व त्याची राख परसात घालून भाजीपाला करावा. लढाईच्या ग्रंथात केरकचऱ्याची चर्चा पाहून प्रथम हसू येते. परंतु शेकडो माणसे महिनोन् महिने एका डोंगरावर कोंडून राहणार असतील, तर रोगराई ही शत्रूच्या तोफेइतकीच प्राणघातक ठरते, हे त्या वृद्ध अमात्यांना पक्के ठाऊक होते.

पाण्याच्या या उपदेशाची आठवण व्हावी असा प्रसंग त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी सिंगापुरास घडला. इंग्रजांनी तेथे अपार खर्च करून आरमाराचा तळ बांधला होता. मोठमोठ्या तोफा होत्या, परंतु त्यांचा दारूगोळा मुख्यतः जहाजे फोडण्याच्या कामाचा. जपानी सैन्य आले ते मलायाच्या जमिनीवरून. जोहोरकडून येणारे पाणी तुटले, बेटावरील तलाव शत्रूच्या टप्प्यात गेले, बाँबफेकीने नळ फुटले, आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर शरण गेले. सुमारे ऐंशी हजारांवर सैनिक कैद झाले; त्यांत आपल्या देशाचे शिपाई फार मोठ्या संख्येने होते. शरणागतीची कारणे अनेक असली तरी ‘शहरात पाणी उरले नाही’ हे त्यांतील एक प्रमुख कारण होते.

आज्ञापत्रातील आणखी एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. गडाच्या जवळ दुसरा डोंगर असू नये. असल्यास तो सुरुंग लावून कमी करावा. तसे करता येत नसेल तर तो मोकळा न ठेवता त्यावरही बांधकाम करून आपल्या हाती ठेवावा. पन्हाळ्याच्या पूर्वेस लागूनच असा एक डोंगर आहे. १६६० च्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतील इंग्रज आपला दारूगोळा घेऊन सिद्दी जौहरच्या मदतीस आले होते आणि त्यांनी गडावर मारा केला होता. ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंद याने साठ माणसांनिशी पन्हाळा पुन्हा जिंकला, आणि त्यानंतर महाराजांनी शेजारच्या या डोंगरावर पावनगड उभा केला. जो डोंगर वैऱ्याचा मोर्चा झाला असता तो गडाचा पाठीराखा झाला.

हा नियम मोडला तर काय होते ते १९५४ साली व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फू येथे दिसले. फ्रेंचांनी एका खोऱ्यात विमानांच्या धावपट्टीभोवती तळ बांधला आणि सभोवतालच्या डोंगरांवर अवजड तोफा चढविणे शत्रूला जमणार नाही असे गृहीत धरले. व्हिएतनामी लोकांनी त्या तोफा माणसांच्या बळावर ओढून वर नेल्या. १३ मार्चला मारा सुरू झाला. थोड्याच दिवसांत धावपट्टी निकामी झाली, आणि ७ मे रोजी तळ पडला.

येथवर जागा, पाणी, धान्य आणि शेजारचा डोंगर यांचा विचार झाला. आता मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. पन्हाळा पडला कसा?

मी त्यास उलट विचारले, “गड पडला म्हणजे मुलूख गेला, असे तू का धरून चालतोस?” १६६० च्या मार्चपासून जुलैपर्यंत महाराज पन्हाळ्यात अडकले होते. बाहेरून नेताजी पालकराने वेढा उठविण्याचा प्रयत्न केला, पण तो साधला नाही. तिकडे शाइस्ताखान पुण्यात येऊन बसला होता. अशा वेळी बळकट गडदेखील आश्रय न राहता पिंजरा होतो. महाराज १३ जुलैच्या रात्री विशाळगडाकडे निघाले आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी देह ठेवला, ही कथा आपण सर्व जाणतो. तिच्यातील शौर्याबद्दल मी नव्याने काय सांगणार? परंतु एक साधी गोष्ट आपण विसरतो. जाण्यासाठी विशाळगड होता, म्हणून जाता आले. पन्हाळा एकटा असता तर बाजीप्रभूंचे बलिदान कोणत्या ठिकाणी पोहोचण्यासाठी झाले असते? पुढे सप्टेंबरात महाराजांनी पन्हाळा आदिलशहाच्या हवाली केला, आणि तरीही राज्य राहिले. तेरा वर्षांनी गडही परत आला.

हीच गोष्ट १६८९ मध्ये मोठ्या प्रमाणावर घडली. संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज रायगडाहून निघाले, प्रतापगडावरून पन्हाळ्यास आले, आणि तेथून सप्टेंबरात जिंजीच्या वाटेस लागले. राजधानी रायगड त्याच वर्षी मोगलांच्या हाती पडली. ज्या राज्याचा एकच तळ असतो त्याचा तेथे शेवट झाला असता. येथे गडांची साखळी होती. एक कडी तुटली तर दुसरी धरून राहता येत होते.

आणि गड पडताना शत्रूकडून काय किंमत घेतो, तेही पाहिले पाहिजे. औरंगजेब स्वतः १७०१ साली पन्हाळ्यावर आला. मार्चपासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत वेढा चालला आणि शेवटी किल्लेदाराला पैसे देऊन गड ताब्यात घ्यावा लागला. त्यानंतर विशाळगडाचा वेढा. तेथे परशुरामपंत प्रतिनिधी होते. तोही गड लढून न मिळता पैसे मोजून जून १७०२ मध्ये मिळाला, आणि तोवर पाऊस कोसळू लागला होता. सह्याद्रीतील जूनचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला पुढचे सांगावयास नको. विशाळगडाहून पन्हाळ्याकडे परतण्याचे अंतर सुमारे तीस मैलांचे. तेवढ्याला बादशाही छावणीस महिन्याहून अधिक काळ लागला. ओढे फुगले, चिखलात जनावरे रुतली, तंबू व सामान वाहून गेले, माणसे उपासमारीने मेली. दिल्लीचा बादशहा, त्याचा प्रचंड लवाजमा, आणि दोन डोंगरी गडांसाठी खर्ची पडलेले सव्वा वर्ष! पुढे थोड्याच वर्षांत पन्हाळा मराठ्यांनी परत घेतला. गडाने शत्रूला कायमचे अडवावे अशी अपेक्षा चुकीची आहे. त्याने शत्रूचा काळ खावा, आणि त्या काळात आपल्या मोकळ्या फौजांनी आपले काम करावे, हे त्याचे खरे कर्तव्य.

या मोकळ्या फौजांचे एक अग्रणी सेनापती धनाजी जाधवराव. १७०८ साली वारणेच्या परिसरात त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी आमच्या वडगावात आहे. धनाजींचे नाव घेतले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे भरधाव घोडदळ येते. तळ येत नाही. परंतु त्या घोड्यांना पावसाळ्यात विसावा हवा, नाल हवेत, दाणावैरण हवी, स्वारांना पगार हवा, आणि लुटीचे व रसदीचे सामान ठेवण्यास जागा हवी. ती या गडांनी आणि गडांखालच्या पेठांनी पुरविली. गड शत्रूला एका जागी खिळवून ठेवी आणि घोडदळ त्या खिळलेल्या शत्रूच्या पाठीवर घाला घाली. एकावाचून दुसरे निष्फळ झाले असते.

आता या विषयातील जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. वर सांगितले की १७०१ मध्ये पन्हाळा पैशाने गेला. अंबरखाना होता, अंधार बाव होती, पावनगड होता; माणूस फुटला. तळाचा शेवटचा दगड माणूस आहे. रामचंद्रपंतांनी हे जाणून गडावरील हवालदार, सरनोबत, सबनीस इत्यादी अधिकाऱ्यांच्या ठराविक मुदतीने बदल्या कराव्यात, एकाच्या हाती सर्व सूत्रे देऊ नयेत, असे नियम सांगितले आहेत. मात्र नुसत्या देखरेखीने माणूस राखला जात नाही. त्याचे पोटही राखावे लागते. म्हणून गडाची चाकरी करणाऱ्या गडकऱ्यांना गडाच्या पायथ्याच्या गावांत जमिनी तोडून दिलेल्या असत. तो पिढ्यान् पिढ्या त्या जमिनीवर जगे आणि त्या जमिनीसाठी गडावर पहारा करी. त्याच्या घरची बाजरी आणि गडावरची भालाईत चाकरी एकाच दाव्याने बांधलेली होती.

ते दावे तुटले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १८४० नंतरच्या काळात कोल्हापूरचा कारभार इंग्रजांच्या पसंतीच्या कारभाऱ्याकडे, दाजी कृष्ण पंडितांकडे, आला. जुनी व्यवस्था मोडून नवे मामलेदार नेमण्यात आले आणि गडकऱ्यांच्या चाकरीच्या जमिनींवर हात पडला. कागदावर तो हिशेबाचा बदल होता. गडकऱ्याच्या दारात तो भाकरीचा प्रश्न होता. १८४४ च्या पावसाळ्यात सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. भुदरगड पेटला, मग पन्हाळा आणि विशाळगड. कर्नल ओव्हान्स नावाचा बडा इंग्रज अधिकारी बंडवाल्यांच्या हाती सापडून कैदेत राहिला. अखेर १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजांच्या तोफांनी पन्हाळा फोडला. गडाच्या चार दरवाजाची वास्तू त्यानंतर पाडण्यात आली. हल्ली मोटारी ज्या वाटेने वर जातात तेथे त्याचे अवशेष आहेत. पूर्वी या गडांवर बाहेरचा शत्रू चालून येई. या वेळी गडावरची माणसे आपल्याच सरकारच्या कारभाराविरुद्ध उभी राहिली होती.

त्यानंतर डोंगरी गडांचा काळ संपला. तोफांचा पल्ला वाढला होता. रस्ते झाले, पुढे आगगाडी आली, आणि लष्करे मैदानात छावण्या करून राहू लागली. पुणे, खडकी, अहमदनगर (हल्लीचे अहिल्यानगर), बेळगाव या त्या छावण्या. खुद्द कोल्हापुरात ‘लाइन बाजार’ आणि ‘सदर बाजार’ ही नावे त्या काळाची साक्ष देतात. नावांकडे नीट पाहा: पलटणीच्या लाइनीला लागून बाजार आलाच. गडाखाली जशी पेठ, तसा छावणीला सदर बाजार. काळ बदलला, पण धान्य, चामडे, कापड आणि माणसे पुरविणाऱ्या वस्तीवाचून तळ जगत नाही, हा नियम बदलला नाही.

याचा अलीकडील दाखला पाहावयाचा तर १९६१ सालचा गोवामुक्तीचा प्रसंग घ्यावा. त्या डिसेंबरात बेळगाव हा आपल्या सैन्याचा मुख्य तळ झाला. तेथे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र पूर्वीपासून होते, रेल्वे होती, जवळ सांब्रे येथे विमानतळ होता. दिवसामागून दिवस आगगाड्यांनी माणसे आणि सामान तेथे उतरत होते. १८ डिसेंबरला सैन्याने पाऊल उचलले. उत्तरेकडून सावंतवाडीच्या बाजूने, पूर्वेकडून अनमोडच्या घाटाने. पुण्याहून उडालेल्या विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. सांब्र्याहून गेलेल्या विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले. १९ च्या संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती दिली. लिस्बनहून सालाझारची आज्ञा तर अखेरपर्यंत लढण्याची होती.

गोव्यात पोर्तुगीजांचेही तळ होतेच. साडेचारशे वर्षांचे किल्ले होते, बंदर होते, धावपट्टी होती, काही हजार सैनिक होते. ते दोन दिवसांत का कोसळले? आपले बळ मोठे होते, हे खरे. परंतु आणखीही एक कारण आहे. बेळगावच्या तळामागे सारा देश होता. पाठीशी रूळ होते, गावे होती, घरे होती. पोर्तुगीजांच्या तळामागे समुद्र होता आणि त्या समुद्राच्या पलीकडे हजारो मैलांवर त्यांचा देश. ज्या भूमीवर तो तळ उभा होता तेथील माणसे त्याच्यापासून सुटका मागत होती. त्या तळाला पायच नव्हते.

येथे त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. क्षेपणास्त्रांच्या आणि विमानांच्या काळात तळ कशाला? धनाजींचा घोडा कोणत्याही ओढ्याचे पाणी पिऊन, वाटेतले गवत खाऊन पुढे जात असे. आजचे लढाऊ विमान काही घटका उडाले की त्याला परत धावपट्टी हवी, तेल हवे, कारागीर हवेत आणि सुटे भाग हवेत. पाणबुडी महिनाभर समुद्रात राहील, पण अखेर गोदीत येईलच. शस्त्र जितके नाजूक आणि वेगवान, तितकी त्याला घराची गरज अधिक. तळांची गरज कमी न होता वाढली आहे. फक्त ते आता एकमेकांपासून दूर पसरलेले असावे लागतात, कारण एका घावात सर्व नाहीसे होऊ नये. विशाळगडाचा धडा तो हाच.

याच विचाराने मुंबईच्या गजबजलेल्या बंदरावरचा भार हलका करण्यासाठी आरमाराचा एक मोठा तळ कारवारजवळ बांधण्यात आला. पायाभरणी १९८६ साली झाली आणि २००५ साली ‘कदंब’ या नावाने तो कार्यान्वित झाला. मागे डोंगर, पुढे खोल पाणी आणि बेटांचा आडोसा. रामचंद्रपंतांनी पाहिला असता तर जागेस मान डोलावली असती. मात्र त्या किनाऱ्यावरील हजारो कुटुंबांना त्यासाठी घरे आणि शेते सोडावी लागली. त्यांत कोकणी-मराठी बोलणारे कोळी होते, शेतकरी होते. त्यांच्या मोबदल्याचा प्रश्न अनेक वर्षे कचेऱ्यांतून आणि न्यायालयांतून फिरत राहिला. तळ देशाला हवा होता यात शंका नाही. परंतु ज्याने जमीन दिली तो त्या तळाचा पहिला शिपाई असतो, आणि पहिल्या शिपायाचा पगार थकवू नये. १८४४ चे गडकरी आणि कारवारचे कोळी यांची परिस्थिती सर्वस्वी सारखी नाही, हे मी जाणतो. तरी दोघांचे गाऱ्हाणे एकाच मातीबद्दलचे आहे.

शेवटी आमच्या घराजवळची एक आठवण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि वारणा या दोन्ही नद्यांना महापूर आला. वडगाव या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशात आहे. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस थांबली. त्या दिवसांत भूदलाची व नौदलाची पथके नावा घेऊन कोल्हापूर आणि सांगलीच्या बाजूला आली, आणि छपरांवर बसलेली माणसे त्यांनी उतरवून आणली. ती पथके ज्या तळांवरून आली ते तळ शत्रूसाठी बांधलेले होते; पण सज्ज माणसे, नावा, दोर आणि औषधे जेथे नेहमी तयार असतात तेथूनच अशा वेळी मदत येऊ शकते. त्याच वेळी हेही दिसले की, रस्ता बुडाला म्हणजे सज्ज तळालासुद्धा पोहोचण्यास अवधी लागतो. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला आणि मोटारी वर जाईनाशा झाल्या, तेव्हा जुन्या वेढ्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. पूल, घाट, तलाव आणि कोठारे ही सगळी संरक्षणाचीच अंगे आहेत. त्यांची निगा राखणारा रस्त्यावरचा मजूरदेखील एका अर्थी गडकरीच होय.

त्या मुलाला मी हे सर्व सांगितले नाही. एवढे ऐकण्याचे त्याचे वय नव्हते. त्याला मी म्हटले, “पन्हाळ्यावर जाशील तेव्हा तटावरून खाली पाहा. जी शेते, जी गावे, जे रस्ते आणि जी तळी दिसतील, ती सर्व मिळून गड होतो. तटाच्या आतला भाग हा त्याचा माथा. तळ खाली आहे.”

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, “म्हणजे आपले वडगावही?”

मी म्हटले, “होय, आपले वडगावही.”